जीवसमुदाय : रूपक आणि पुरावा

शास्त्रातील रूपक प्रथम आकलनास हातभार लावते. पुढे कधी कधी तेच पुराव्याच्या जागी जाऊन बसते. जीवसमुदायाच्या कल्पनेचा इतिहास याचे बोलके उदाहरण होय.

फ्रेडरिक क्लेमेंट्स या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने १९१६ साली अनुक्रमणावरील आपल्या ग्रंथात वनस्पतिसमुदायास जन्म, वाढ आणि प्रौढत्व असणारा सजीव मानले. उघड्या जमिनीवर एकामागून एक वनस्पती येतात आणि अखेरीस हवामानास अनुरूप असा एक स्थिर समुदाय उरतो, हीच परमावस्था. या मांडणीने शास्त्रास कालाचे परिमाण दिले, हे तिचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु वाढीचा शेवट ठरलेलाच असतो, हे गृहीत निरीक्षणापेक्षा रूपकातूनच अधिक आले होते.

हेन्री ग्लीसनने १९२६ मध्ये यास हरकत घेतली. प्रत्येक जाती आपल्या गरजेनुसार व बीजप्रसाराच्या योगायोगानुसार पसरते. समुदाय म्हणजे अशा जातींचे सान्निध्य, असे त्याचे प्रतिपादन होते. त्याची दखल उशिरा घेतली गेली. रॉबर्ट व्हिटेकरने १९५६ मध्ये ग्रेट स्मोकी पर्वतावरील निरीक्षणांतून दाखविले, की उंची व ओलावा बदलेल तशी प्रत्येक जाती स्वतंत्रपणे कमी-अधिक होते. समुदायांमध्ये सहसा ठळक सीमा आढळत नाहीत.

तथापि ग्लीसनचे मतही जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. रॉबर्ट पेनने १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात किनाऱ्यावरील खडकांवरून तारामासे काढून टाकताच शिंपल्यांनी जागा व्यापली आणि अनेक जाती नाहीशा झाल्या. सान्निध्यात परस्परावलंबनही असते.

हा वाद केवळ परकीय नव्हे. चॅम्पियन यांनी १९३६ मध्ये केलेल्या भारतीय वनप्रकारांच्या वर्गीकरणात परमावस्थेची कल्पना मुरलेली आहे. तिच्या दृष्टीने पाहिल्यास दख्खनचे माळरान म्हणजे ऱ्हास पावलेले वन ठरते, आणि तेथे झाडे लावणे हा उपकार वाटू लागतो. उलट, जुन्या मराठी वाङ्मयातील वनस्पतींच्या उल्लेखांचा आधार घेऊन २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने पश्चिम महाराष्ट्रातील गवताळ प्रदेश शतकानुशतके जुने असल्याचे दाखविले आहे. माळढोक, लांडगा आणि धनगरांची मेंढरे यांचा आश्रय असलेली ही भूमी अपुरे वन नव्हे. जे आहे त्याचे मोल, ते काय व्हावयास हवे होते यावरून ठरविणे, हाच त्या रूपकाचा खरा दोष होय.