‘पाहणे’ आणि ‘आवडणे’ : स्ट्रीमिंग सेवांच्या शिफारशींचा भाषिक विचार

१

काय पाहावे, या प्रश्नाचे उत्तर देणे हे पूर्वी परीक्षणकाराचे, स्नेह्याचे किंवा फिल्म सोसायटीच्या चालकाचे काम होते. आज ते बहुतांशी स्ट्रीमिंग सेवांच्या शिफारस-यंत्रणेकडे गेले आहे. नेटफ्लिक्स या सेवेतील कार्लोस गोमेझ-उरिबे आणि नील हंट यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधानुसार, तेथे पाहिल्या जाणाऱ्या एकूण तासांपैकी सुमारे ८० टक्के तासांची निवड शिफारशींतून होत होती. प्रेक्षकाने स्वतः शोध घेऊन केलेली निवड २० टक्क्यांच्या आसपास होती. सर्वसाधारण प्रेक्षक दहा ते वीस शीर्षके नजरेखालून घालतो आणि ६० ते ९० सेकंदांत त्याचा उत्साह ओसरतो, असेही निरीक्षण त्यांनी नोंदविले आहे. अभिरुचीच्या क्षेत्रातील एवढी मोठी सत्ता ज्या यंत्रणेच्या हाती आली आहे, तिच्याकडे वाङ्मयविचाराने आणि भाषाविचाराने पाठ फिरवून चालणार नाही.

शिफारस ही मुळात एक उक्ती आहे. ‘हे तुम्हांला आवडेल’ असे तिचे वाक्य होय. हे वाक्य भविष्यकाळी आहे, आणि ते कोणत्या पुराव्याच्या आधारे उच्चारले जाते, हा समीक्षेचा पहिला प्रश्न ठरतो. यंत्रणा सदोष आहे, एवढे म्हणून हा प्रश्न सुटत नाही. तिला पुरविली जाणारी भाषाच अपुरी असेल, तर उत्तम गणितही त्या भाषेच्या पलीकडे जाऊ शकणार नाही.

२

या दृष्टीने नेटफ्लिक्सचा पूर्वेतिहास उद्बोधक आहे. ऑक्टोबर २००६ मध्ये या कंपनीने एक स्पर्धा जाहीर केली. ‘सिनेमॅच’ या तिच्या तत्कालीन यंत्रणेपेक्षा १० टक्के अधिक अचूक अंदाज करणाऱ्यास १० लक्ष डॉलरांचे पारितोषिक होते. स्पर्धकांना ४,८०,१८९ ग्राहकांनी १७,७७० चित्रपटांना दिलेली दहा कोटींहून अधिक गुणांकने पुरविण्यात आली. २००९ साली विजयी ठरलेल्या गटाने अंदाजातील चुकीचे माप ०.९५२५ वरून ०.८५६७ वर आणले. पाच ताऱ्यांच्या मापनात हा फरक एका ताऱ्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी आहे. विजयी पद्धती संपूर्ण स्वरूपात कधीच वापरात आली नाही, आणि त्याचे एक कारण मार्मिक आहे. स्पर्धा सुरू झाली तेव्हा चित्रपट डीव्हीडीच्या रूपाने टपालाने घरी जात. ग्राहकाने ती तबकडी कधी लावली, कोठे थांबविली, हे कंपनीला कळत नसे. त्याने दिलेले तारे हीच त्याच्या आवडीची मुख्य साक्ष होती. २००७ पासून चित्रपट थेट पडद्यावर येऊ लागले आणि प्रत्येक क्षणाची कृती नोंदली जाऊ लागली. अभिप्रायाची जागा कृतीने घेतली. एप्रिल २०१७ मध्ये पाच ताऱ्यांची पद्धत बंद होऊन अंगठा वर किंवा खाली, एवढीच खूण उरली. २०२२ मध्ये तिला ‘दोन अंगठे वर’ अशी जोड मिळाली. यूट्यूबनेही २०१२ साली किती वेळा कळ दाबली गेली यापेक्षा किती वेळ पाहिले गेले, यास अधिक महत्त्व देण्याचे धोरण स्वीकारले.

या स्थित्यंतराच्या बाजूने एक सबळ युक्तिवाद आहे. मनुष्याची उक्ती आणि कृती यांत अंतर असते. गंभीर माहितीपटाला भरघोस गुण देणारा प्रेक्षक रात्री दमून घरी आल्यावर विनोदी मालिकाच लावतो. तेव्हा त्याचे बोलणे न ऐकता त्याचे वागणे पाहावे, हेच प्रामाणिकपणाचे, असे यंत्रकारांचे म्हणणे. यातील तथ्य नाकारण्याचे कारण नाही. परंतु कृती स्वयंस्पष्ट असते, हे त्यातील गृहीतक मात्र तपासून पाहिले पाहिजे.

मराठी व्याकरणाचा या संदर्भातील पुरावा लक्षणीय आहे. ‘तो मालिका पाहतो’ या वाक्यात पाहणारा कर्ता आहे. ‘त्याला मालिका आवडते’ या वाक्यात मात्र मनुष्य चतुर्थीत जातो, मालिका प्रथमेत येते आणि क्रियापद तिच्याशी जुळते. हा भेद केवळ मराठीचा नाही. ‘रुच्’ धातूच्या अर्थाची क्रियापदे असता ज्याला प्रीती वाटते त्याला पाणिनीने संप्रदान ही संज्ञा दिली आहे, कर्ता ही नव्हे. पाहणे मनुष्य करतो. आवडणे त्याच्या ठायी घडते. पहिल्याची नोंद बाहेरून घेता येते. दुसऱ्याची साक्ष ज्याच्या ठायी ते घडले तोच देऊ शकतो.

एवढेच नव्हे, तर ‘पाहणे’ ही एक क्रियाही भाषेच्या दृष्टीने एक नाही. चित्रपट ‘पाहून टाकला’ म्हणजे एक काम उरकले. ‘पाहत बसला’ यात वेळ गेल्याची किंचित खंत आहे. ‘पाहून घेतला’ यात संधी साधल्याचे समाधान आहे. ‘पाहिला गेला’ यात निवडच नाही. ‘पाहवला नाही’ यात तर चित्रपट अर्धवट सुटण्याचे कारण त्याचे दौर्बल्य नसून त्याचे सामर्थ्यही असू शकते. मराठी भाषक सहायक क्रियापदाच्या एका फेऱ्यात जे भेद व्यक्त करतो, ते सर्व यंत्रणेच्या नोंदवहीत ‘पाहिला’ किंवा ‘सोडला’ या दोनच रूपांत जमा होतात. शिवाय एका खात्यावर आजी, नातू आणि सून असे तिघे पाहत असतील, तर त्या नोंदीतला कर्ता कोण, हेही अनिश्चित राहते.

३

यंत्रणेच्या दुसऱ्या आधाराचे भाषाशास्त्राशी जवळचे नाते आहे. शब्दाची ओळख त्याच्या संगतीवरून होते, हा विचार ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९५७ साली मांडला. २०१३ साली गूगलमधील टोमास मिकोलोव्ह आणि त्यांचे सहकारी यांनी ‘वर्ड-टू-व्हेक’ ही पद्धती पुढे आणून त्याला प्रभावी गणिती रूप दिले : ज्या शब्दांच्या आसपास सारखे शब्द येतात ते परस्परांच्या जवळचे. २०१६ मध्ये हीच रीत ‘आयटेम-टू-व्हेक’ या नावाने वस्तूंना लावण्यात आली. तीत वस्तू म्हणजे शब्द आणि ग्राहकाच्या निवडींची मालिका म्हणजे वाक्य, असे मानले आहे. एका प्रेक्षकाने लागोपाठ पाहिलेले चित्रपट हे जणू त्याचे एक वाक्य. अशी कोट्यवधी वाक्ये वाचून यंत्रणा चित्रपटांचा कोश तयार करते.

ही कल्पना देखणी आहे आणि बऱ्याच अंशी फलदायीही. तथापि शब्दार्थाच्या अभ्यासात तिची जी मर्यादा आढळते तीच येथेही आढळते. ‘गरम’ आणि ‘थंड’ हे शब्द एकाच संगतीत येतात. चहा, पाणी, हवा, डोके या सर्वांना दोन्ही विशेषणे लागतात. संगतीवर विसंबणारे गणित त्यामुळे त्यांना शेजारी बसविते; ते परस्परविरुद्ध आहेत, हे त्याला सहजी उमगत नाही.

चित्रपटांच्या बाबतीत हा विरोध कसा असतो, हे दोन मराठी कृतींवरून स्पष्ट होईल. सुबोध भावे दिग्दर्शित ‘कट्यार काळजात घुसली’ (२०१५) आणि चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ (२०२०) या दोहोंचा विषय हिंदुस्थानी अभिजात संगीत हाच आहे. भाषा एक, विषय एक, गुरुशिष्यसंबंधाचे सूत्रही दोहोंत आहे. खुणांच्या कोणत्याही तक्त्यात हे चित्रपट एका ओळीत बसतील. परंतु पहिल्यात घराण्यांची स्पर्धा उत्कट नाट्याच्या पातळीवर जाते आणि गायन हे त्या नाट्याचे शिखर ठरते. पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या १९६७ सालच्या संगीत नाटकाचा वारसा त्यात उघड आहे. दुसऱ्यात एका गायकाला आपल्या सामान्यत्वाची जाणीव हळूहळू होत जाते, आणि संगीताभोवती रचलेल्या पावित्र्याच्या कथाच संशयास्पद ठरतात. पहिल्यावर लुब्ध झालेल्या रसिकास दुसरा चित्रपट कंटाळवाणा वाटणे, किंवा याच्या उलट होणे, अगदी संभवनीय आहे. दोन्ही आवडणारा रसिकही असतो, परंतु त्याची दोन आवडींची कारणे भिन्न असतात. खूण विषय सांगते. वृत्ती सांगत नाही.

खुणांची संख्या वाढवून हा प्रश्न सुटत नाही. ‘द अटलांटिक’ या अमेरिकन नियतकालिकात अलेक्सिस मॅड्रिगल यांनी २०१४ साली नेटफ्लिक्सचे ७६,८९७ सूक्ष्म वर्ग मोजून दाखविले. विषय, काळ, स्थळ, भाव अशा शब्दांच्या जोडणीतून ते तयार झाले होते. एवढा विस्तार असूनही ते वर्ग नामांची आणि विशेषणांची साखळीच राहिले. अभिरुची मात्र ‘असे असूनही’, ‘इतके नसते तर’, ‘म्हणूनच’ या अव्ययांत बोलते. समीक्षेचे सारे काम या अव्ययांच्या बळावर चालते, आणि वर्गनामात त्यांना जागा नसते.

४

भाषिक प्रतिमानांवर आधारलेल्या कृत्रिम बुद्धिमत्तेने येथे एक नवी शक्यता निर्माण केली आहे. २०२५ साली नेटफ्लिक्सने साध्या बोलण्यातील वाक्यावरून शोध घेण्याची चाचणी सुरू केली. चॅटजीपीटीसारख्या संवादी साधनांकडे तर प्रेक्षक केव्हाच असे प्रश्न घेऊन जाऊ लागले आहेत. कृतींच्या नोंदीने हिरावलेली उक्ती प्रेक्षकास अशा प्रकारे परत मिळत आहे, असे म्हणता येईल. परंतु परत मिळालेल्या वाणीचे मोल बोलणाऱ्याच्या शब्दसंपत्तीवर अवलंबून राहते.

‘एखादा चांगला मराठी चित्रपट सुचवा’ या मागणीचे उत्तर सर्वांत गाजलेल्या नावांनी मिळणार, हे उघड आहे. कारण त्या वाक्यात निवडीस आधार देणारे काहीच नाही. याउलट ‘न्यायालयाचे कामकाज नाट्यमय न करता त्याच्या कंटाळ्यासह दाखविणारा, वकिलांचे घरगुती जीवनही तितक्याच तटस्थतेने पाहणारा, प्रेक्षकाने कोणाची बाजू घ्यावी हे न सुचविणारा’ असे वर्णन केल्यास ताम्हाण्यांच्या ‘कोर्ट’ (२०१४) या चित्रपटाकडे आणि त्या वृत्तीच्या इतरभाषी कृतींकडे वाट जाते. या दुसऱ्या वाक्यात विषयाचा उल्लेख एकदाच आहे. उरलेले सर्व हाताळणीविषयी आहे. चांगली शिफारस मिळविण्याचे मर्म याच फरकात आहे. आवडलेल्या कृतीचे नाव सांगणे पुरेसे नाही; ती कशामुळे आवडली, तिच्यासारखे दिसणारे काय आवडले नाही, आणि आजची वेळ कोणती, हेही सांगावे लागते. ‘कट्यार’मधील गायन हवे, पण त्यातील नाट्य नको, असा एक नकारही पुष्कळदा दहा होकारांहून अधिक माहिती देतो.

कृतींच्या नोंदीचीही डागडुजी करता येते. घरातील प्रत्येकाने स्वतंत्र प्रोफाइल वापरणे म्हणजे वाक्याचा कर्ता निश्चित करणे होय. नेटफ्लिक्सवर ही सोय २०१३ पासून आहे. केवळ ‘पाहून टाकलेली’ किंवा पाहुण्यांसाठी लावलेली कृती पाहिलेल्यांच्या यादीतून काढून टाकणे, आपोआप पुढचा भाग सुरू होण्याची सोय बंद ठेवणे, नावडत्या कृतीवर तसा शेरा देण्यास न कंटाळणे, या साध्या गोष्टींनी ‘पाहणे’ आणि ‘आवडणे’ यांतील अंतर काहीसे कमी होते. यूट्यूबवर पाहण्याचा इतिहास नोंदविणे थांबविता येते, आणि नको असलेल्या चित्रफितीवर ‘रस नाही’ अशी खूणही करता येते. तथापि ही सर्व नोंद दुरुस्त करण्याची साधने आहेत. ती नवा अर्थ पुरवीत नाहीत. तो अर्थ वाक्यांतूनच येतो.

संवादी साधनांचे दोष येथे दृष्टीआड करून चालणार नाही. ती कधी अस्तित्वात नसलेली कृती ठामपणे सुचवितात, कधी एका दिग्दर्शकाचे श्रेय दुसऱ्यास देतात. त्यामुळे त्यांची शिफारस पडताळून घेणे अगत्याचे असते. याहून खोल मर्यादा त्यांच्या घडणीतच आहे. कृतींच्या नोंदीवर चालणारी यंत्रणा प्रेक्षकसंख्येकडे झुकते. भाषिक प्रतिमान लिखित मजकुराच्या विपुलतेकडे झुकते. ज्या चित्रपटाविषयी इंग्रजीत भरपूर लिहिले गेले, त्याच्या हाताळणीचे बारकावे त्याला ठाऊक असतात. ज्या मराठी चित्रपटाविषयी कथेचा सारांश आणि कलावंतांची नावे यांपलीकडे काही लिहिलेच गेले नाही, तो त्याच्या दृष्टीने केवळ ‘मराठी’ या खुणेचा एक नग राहतो. एका भाषेतील कौटुंबिक नाट्य, राजकीय उपरोध, ग्रामीण शोकांतिका आणि बालचित्रपट यांना भाषेच्या नावाखाली एका रांगेत उभे करणे, ही गफलत यंत्रणेने एकटीने केलेली नाही. समीक्षेने भेद नोंदविले नाहीत, तेथे ते यंत्रणेने कोठून आणावेत?

५

या विवेचनातून शिफारस-यंत्रणेचा अव्हेर करावा, असा निष्कर्ष निघत नाही. भिन्न भाषांतील कृती एरव्ही ज्यांच्यापर्यंत पोहोचल्या नसत्या अशा रसिकांपर्यंत ती त्या पोहोचविते, ही तिची सेवा मोठी आहे. परंतु ‘तुम्हांला आवडेल’ या तिच्या वाक्यातील चतुर्थी प्रेक्षकाची आहे, आणि ती सार्थ करण्याचे उत्तरदायित्वही त्याच्याकडेच राहते. स्वतःची आवड शब्दांत मांडण्याची सवय सुटलेल्या प्रेक्षकास काल पाहिले तसेच आज पुन्हा मिळत राहील, आणि कालांतराने तेच आपल्याला आवडते, असे त्याला वाटूही लागेल. अभिरुचीची खरी हानी ती होय.

वाङ्मयाच्या आणि भाषेच्या अभ्यासकांपुढील कार्यही यातून स्पष्ट होते. चित्रपटाच्या हाताळणीविषयी, त्याच्या लयीविषयी, त्यातील मौनाविषयी नेमके बोलता येईल अशी मराठी परिभाषा घडविणे, आणि मराठी कृतींविषयी त्या परिभाषेत सविस्तर लिहिणे, हे काम यंत्रणेच्या आगमनाने अनावश्यक ठरलेले नाही. उलट त्याची निकड वाढली आहे, कारण आता अशा लेखनाचे वाचक केवळ माणसेच राहिलेली नाहीत.