झडपेवरची भोकं

कंपनीच्या कामासाठी तीन आठवडे हाँगकाँगला होतो, तेव्हा एका रविवारी लँटाऊ बेटाच्या पश्चिम टोकाला असलेल्या ताई ओ या गावात गेलो. तुंग चुंगहून अकरा नंबरची बस घाट चढून-उतरून तिथे पोचते. खाडीत खांबांवर उभी असलेली घरं, वाळत घातलेली मासळी, कोळंबीच्या खारवलेल्या लगद्याचा वास. ज्याने वर्सोवा किंवा वरळीचा कोळीवाडा पाहिलाय त्याला हे गाव फारसं परकं वाटणार नाही. बहुतेक पर्यटक या घरांचे फोटो काढून परत फिरतात. मला मात्र गावाच्या टोकाला, टेकडीवर असलेली पांढरी इमारत पाहायची होती. १९०२ साली बांधलेलं हे पोलीस ठाणं आता नऊ खोल्यांचं हॉटेल झालं आहे.

जुनी ठाणी पाहायची ही खोड घरातून आली आहे. माझे आजोबा मराठवाड्यातल्या एका पोलीस दूरक्षेत्रात हवालदार होते. दोन खोल्या, पुढे पडवी आणि दारात कडुनिंब, एवढीच ती इमारत. मी दहावीत असताना ती पाडली आणि जागी स्लॅबचं बांधकाम आलं. कुणालाच त्याचं वाईट वाटलं नाही, आजोबांनाही नाही. ‘गळत होती’, एवढंच ते म्हणाले. त्यामुळे कुणी आडगावचं पोलीस ठाणं जपलं, सजवलं आणि त्याला ‘वारसा’ म्हटलं, की मला पहिल्यांदा कुतूहल वाटतं आणि मागोमाग थोडा संशय.

ताई ओचं ठाणं टेकडीवर का आहे हे समजायला थोडा इतिहास लागतो. १८९८ साली ब्रिटिशांनी चीनकडून नव्याण्णव वर्षांच्या पट्ट्यावर नवा प्रदेश घेतला, त्यात लँटाऊही आलं. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये ताबा घ्यायला गेल्यावर मुख्य भूमीवरच्या गावांनी हत्यारं उचलली. तो विरोध मोडून काढल्यावर ठिकठिकाणी ठाणी उभी राहिली. ताई ओच्या ठाण्याचं नेमून दिलेलं काम होतं समुद्री चाच्यांवर नजर ठेवायचं. पण टेकडीवरून समुद्र दिसतो तसं गावही दिसतं. कमानींचा व्हरांडा, टेहळणीची जागा, समोर ठेवलेल्या तोफा, कैद्यांची कोठडी हे सगळं एकाच नजरेचे भाग आहेत. ही नजर गावाकडून ठाण्याकडे कधीच गेली नाही, ती कायम ठाण्याकडून गावाकडे गेली.

जतनाचं काम चांगलं झालं आहे, हे आधी मान्य करतो. ठाणं १९९६ पर्यंत कामात होतं. नंतर ओस पडलेल्या या वास्तूला २००८ साली सुरू झालेल्या सरकारी योजनेतून नवा वापर मिळाला, २०१२ मध्ये हॉटेल उघडलं आणि २०१३ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारही मिळाला. गच्चीवर काचेच्या छताचं उपाहारगृह आहे. कोठडी पाडून तिथे भांडारघर केलेलं नाही, ती कोठडीच राहिली आहे. वापर बदलूनही इमारतीचा चेहरा टिकवणं किती अवघड असतं ते मला माझ्या धंद्यातून कळतं. जुन्या कोडला हात न लावता त्यावर नवं काही उभं करायला सांगितलं की आमची झोप उडते.

माझं भांडण हॉटेलशी नाही, गुण देण्याच्या पद्धतीशी आहे. हाँगकाँगमध्ये जुन्या वास्तूंची श्रेणी सहा निकषांवर ठरते: ऐतिहासिक महत्त्व, वास्तुगुण, समूहमूल्य, सामाजिक मूल्य आणि स्थानिक आस्था, अस्सलपणा, दुर्मिळता. निकष वाईट नाहीत. आपल्याकडे इतका विचार झाला तरी पुष्कळ. पण जे रकान्यात भरता येतं तेच सिस्टिमला दिसतं, हे कुठल्याही इंजिनियरला अनुभवाने ठाऊक असतं. राज्यकर्ते पक्कं, टिकाऊ बांधतात. त्यांची इमारत शंभर वर्षांनंतरही ‘अस्सल’ राहते. खाली खाडीतली घरं लाकडाची आणि पत्र्याची. दर पावसाळ्यानंतर तिथे काहीतरी बदलावं लागतं, आणि २००० सालच्या आगीत त्यातली कितीतरी जळून गेली. अस्सलपणाचे गुण त्यांना कसे मिळणार? ज्याने पहारा ठेवला त्याचं घर वारसा ठरतं. ज्याच्यावर पहारा होता त्याचं घर खिडकीतून दिसणारं दृश्य होतं.

तरीही या इमारतीत एक जागा अशी आहे जी सगळ्या निकषांच्या बाहेर जाते. खिडकीच्या लोखंडी झडपेवर गोळ्यांची भोकं आहेत. १९१८ साली इथल्या तेजा सिंग नावाच्या हिंदी शिपायाने ठाण्याचा प्रमुख असलेल्या सार्जंट ग्लेंडिनिंगला गोळ्या घालून ठार मारलं, त्या दिवसाच्या या खुणा. बांधलं चाच्यांना रोखण्यासाठी, आणि इमारतीवर ज्याच्या खुणा उरल्या तो गोळीबार आतल्याच माणसाने केला.

त्या झडपेसमोर मी बराच वेळ उभा होतो. हाँगकाँगच्या पोलीस दलात हिंदी माणसं आली ती १८४०च्या दशकापासून. १८६०च्या दशकातल्या भरतीत मुंबईहून नेलेले लोक होते, पुढे पंजाबातले शीख आले. दलाची विभागणी वंशाप्रमाणे होती. युरोपियनांच्या क्रमांकाआधी ‘ए’, हिंदींच्या आधी ‘बी’, कँटनी चिन्यांच्या आधी ‘सी’. आजच्या भाषेत सांगायचं तर हुद्द्याची मर्यादा आयडीतच लिहिलेली होती. गावाला ठाणं म्हणजे एकच सत्ता वाटत असणार. आत मात्र सत्तेचे थर होते, आणि तेजा सिंगाचा थर सर्वांत वरचा नव्हता. मी त्याला हुतात्मा करत नाही. त्याने एका माणसाचा जीव घेतला. पण ती भोकं नसती, तर ही इमारत साहेबांची देखणी आठवण एवढीच राहिली असती.

आजोबांची एक गोष्ट मला तिथे आठवली. फौजदारसाहेब मुक्कामाला आले की दूरक्षेत्रातली एकुलती खुर्ची त्यांना दिली जाई, आणि आजोबा रात्रभर पडवीत बसत. सकाळी फिर्याद घेऊन आलेला माणूस निंबाखाली उकिडवा बसलेला असे. खुर्ची, पडवी, निंब, हाच त्या ठाण्याचा नकाशा होता. स्टेशन डायरीत मुद्देमालाची पै न् पै लिहिली गेली असेल, पण कोण कुठे बसलं याची नोंद करायला डायरीत रकाना नसतो. आजोबांना मी ते कधी नीट विचारलंही नाही.

आपल्या गावोगावची ब्रिटिशकालीन ठाणी एकेक करून जात आहेत. सगळी वाचवावीत असं मी म्हणणार नाही, गळक्या छताखाली बसून काम करणाऱ्यांना नवी इमारत हवीच. पण पाडण्याआधी कुणी तरी वही घेऊन बसावं. कोठडीत कोण होतं, पडवीत कोण झोपलं, दाराशी कुणाला तासन् तास थांबवलं, हे निवृत्त शिपायांना विचारावं आणि ज्यांना थांबवलं गेलं त्यांनाही. हॉटेल होऊ शकेल अशी ठाणी आपल्याकडे मोजकीच निघतील. असं विचारून घेता येईल अशी मात्र शेकडो निघतील, आणि त्यांची उत्तरं देणारी माणसं आता ऐंशीच्या पुढे आहेत.

ताई ओच्या कामाचं खरं यश मला पुरस्कारात दिसत नाही. रंगकाम करताना लांबी भरून ती भोकं बुजवणं अगदी सोपं होतं. ते कुणी केलं नाही, यात ते दिसतं.