संप हा प्रयोग असेल, तर मोजायचं काय?

एखादं जनुक नेमकं काय काम करतं हे कळत नसेल, तर प्रयोगशाळेत एक सरळ युक्ती वापरतात. ते जनुक बंद करायचं आणि काय बिघडतं ते बघायचं. याला ‘नॉकआउट’ म्हणतात. शहराची बससेवा मात्र कुणी प्रयोगासाठी महिनाभर बंद ठेवणार नाही. पण कामगार संपावर गेले की हा प्रयोग आपोआप घडतो. आजचा पेपर अशाच एका संपावरचा आहे. पेपर चांगला आहे, म्हणून त्याच्याशी थोडं भांडूया.

अर्थशास्त्रज्ञ मायकल अँडरसन यांचा हा शोधनिबंध २०१४ मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये आला. ऑक्टोबर २००३ मध्ये लॉस एंजेलिसच्या सार्वजनिक वाहतुकीतल्या दुरुस्ती कामगारांनी आरोग्यविम्याच्या निधीवरून संप पुकारला. चालकांनी त्यांना साथ दिली. ३५ दिवस सेवा ठप्प होती.

आता कोडं बघा. अमेरिकेत लोक जेवढे मैल प्रवास करतात, त्यातला जेमतेम १ टक्का सार्वजनिक वाहतुकीने होतो. मग ती बंद पडल्याने रस्त्यावर कितीसा फरक पडणार? प्रत्यक्षात महामार्गांवरचा सरासरी विलंब ४७ टक्क्यांनी वाढला. अँडरसन यांचं स्पष्टीकरण सुंदर आहे: बसचा प्रवासी ‘सरासरी’ प्रवासी नसतो. जिथे आणि ज्या वेळी सगळ्यात जास्त कोंडी होते, तिथेच आणि त्याच वेळी तो प्रवास करत असतो. काठोकाठ भरलेल्या रस्त्यावर थोड्याच गाड्या वाढल्या तरी वेग धाडकन कोसळतो. सरासरी काढताना नेमकं हेच हरवतं.

इथवर टाळ्या. आता भांडण.

विलंब मोजला कशाने? रस्त्यातल्या सेन्सरनी. सेन्सरला गाडी दिसते, माणूस दिसत नाही. बस नाही म्हणून कामावर जाऊच न शकलेली बाई या आकड्यांत कुठेच नाही. उलट ती घरी बसली म्हणून रस्त्यावरची एक गाडी वाढली नाही! म्हणजे ज्यांच्याकडे दुसरा पर्यायच नाही, त्यांचं नुकसान सगळ्यात मोठं आणि या मोजपट्टीवर ते शून्य. अँडरसन यांचा प्रश्न कोंडीचा होता आणि तो त्यांनी नीट सोडवला. पण ‘सार्वजनिक वाहतुकीची किंमत’ म्हणून आपण तेवढाच आकडा मिरवला, तर ती गाडीवाल्याच्या नजरेतून ठरलेली किंमत होते.

हीच मोजपट्टी आपल्या एसटीला लावून बघा. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत राज्य सरकारी सेवेत विलीनीकरणाच्या मागणीसाठी संप चालला. गावाकडच्या फाट्यावर त्यामुळे कोंडी वाढणार नव्हती. सेन्सर बसवला असता तर तो म्हणाला असता, सगळं ठीक आहे. पण अहिल्याबाई होळकर योजनेत शाळकरी मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो आणि तो पास वडापच्या जीपमध्ये चालत नाही. इथलं नुकसान उशिराचं नाही, न झालेल्या फेरीचं आहे.

दुसरा मुद्दा जास्त गंभीर आहे. २०१७ मध्ये आलेल्या एका जर्मन अभ्यासात सार्वजनिक वाहतुकीच्या संपाच्या दिवशी वाहनांचे अपघात १४ टक्क्यांनी आणि लहान मुलांचं श्वसनविकारांसाठी रुग्णालयात दाखल होणं ११ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. निबंधाची सुरुवातच अशी की अनेक सरकारं असे संप बेकायदा ठरवतात, ते योग्य आहे का? आकडे तेच, पण निष्कर्ष दोन निघू शकतात. एक, संपावर बंदी घाला. दोन, सेवा इतकी मोलाची असेल तर तिला पैसे द्या. आपल्याकडेही एसटी संपात ‘मेस्मा’चा इशारा आला.

माझ्या मते पहिला निष्कर्ष शास्त्रीयदृष्ट्याही कच्चा आहे. नॉकआउटमध्ये उंदीर आजारी पडला तर आपण म्हणतो, हे जनुक महत्त्वाचं आहे. अभ्यासात संप हा अवकाळी पावसासारखा बाहेरून आलेला धक्का मानतात. पद्धत म्हणून ते ठीक. पण संपाला कारण असतं. पगार, विमा, सुट्टे भाग आणि नवीन गाड्या शेवटी एकाच तिजोरीतून येतात. तिजोरी आटली की आधी पगार लांबतो, मग फेऱ्या कमी होतात. अशी बंद पडलेली फेरी कुठल्याच संपाच्या अभ्यासात येत नाही.

म्हणून कामगार संघटनांनी वेतनाबरोबर सेवेच्या निधीसाठीही भांडणं हे स्वार्थाचं वगैरे नाही, एकाच मागणीच्या त्या दोन बाजू आहेत. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात संघटनांनी आघाडी करून हाच आग्रह धरला. ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस तिथल्या विधिमंडळाने शिकागो परिसराच्या वाहतुकीसाठी वर्षाला सुमारे १.५ अब्ज डॉलरची तरतूद करणारं विधेयक मंजूर केलं. त्यासाठी सेवा बंद पाडावी लागली नाही.

तेव्हा पुढच्या संपात ‘प्रवाशांचे हाल’ असा मथळा वाचाल, तेव्हा दोन प्रश्न नक्की विचारा. हाल मोजले कुणाचे? आणि संप नसलेल्या दिवशी त्याच थांब्यावर बस येत होती का?