डाउनलोडच्या पानावर निवड कोणी करायची?

मुक्तस्रोत सॉफ्टवेअरची, म्हणजे ज्याचा मूळ कोड वाचण्याची, बदलण्याची आणि वाटण्याची मुभा असते अशा सॉफ्टवेअरची, संकेतस्थळे बहुधा ते लिहिणाऱ्यांनीच उभारली. त्यामुळे त्यांचे डाउनलोडचे पान दीर्घकाळ गोदामाच्या नोंदवहीसारखे राहिले. सर्व आवृत्त्या आणि सर्व प्रोसेसरांसाठीच्या फाइली एका यादीत मांडायच्या व निवड येणाऱ्यावर सोडायची, ही रीत दिसायला उदार असली, तरी नवख्याला जे ठाऊक नसते नेमके तेच ती त्याला आधी विचारते. या पानांत खरी सुधारणा झाली ती निवडीचा भार प्रकल्पांनी स्वतःच्या शिरावर घेतला तेव्हा. रंगसंगती आणि मांडणी या तुलनेने दुय्यम बाबी होत.

मोझिलाच्या फायरफॉक्स या ब्राउझरने ही वाट लवकर धरली. ब्राउझर प्रत्येक विनंतीसोबत आपली संगणकप्रणाली आणि पसंतीची भाषा सर्व्हरला कळवतो, त्यावरून योग्य फाइल ठरवून पानावर एकच ठळक बटण दाखवता येते. अर्थात हे तंत्र माणसाची नव्हे, यंत्राची भाषा ओळखते. ज्या मराठी वाचकाचा संगणक इंग्रजीवर ठेवलेला असतो, त्याच्यापुढे फायरफॉक्सची मराठी आवृत्ती असूनही आपणहून येत नाही.

डेबियन या लिनक्स वितरणाचा प्रवास अधिक बोधक आहे. डिसेंबर २०२० मध्ये त्याचे मुखपृष्ठ नव्याने रचले गेले आणि डाउनलोडचे बटण ‘नेटइन्स्ट’ या छोट्या प्रतिमेकडे, म्हणजे मोजका भाग देऊन उरलेले सारे इंटरनेटवरून आणणाऱ्या फाइलीकडे, थेट नेऊ लागले. मात्र अनेक लॅपटॉपांच्या वायफाय चिपला चालण्यासाठी फर्मवेअर, म्हणजे उत्पादकाने दिलेला बंदिस्त कोड, लागतो आणि तत्त्व म्हणून डेबियन तो अधिकृत प्रतिमेत ठेवत नसे. परिणामी जी फाइल पान पुढे करी, तीच वायफायवर विसंबलेल्या अशा लॅपटॉपवर अडून बसे आणि उपयोगी पडणारी ‘अनधिकृत’ प्रतिमा आडबाजूला राही. २०२२ मध्ये सदस्यांनी मतदानाने धोरण बदलले आणि जून २०२३ च्या डेबियन १२ पासून फर्मवेअर अधिकृत प्रतिमेत आले. हा दोष कोणत्याही आरेखकाला पुसता आला नसता, कारण तो मुळात पानाचा नव्हताच. इंटेलवरही चालणाऱ्या फाइलीच्या नावातील ‘एएमडी६४’ ही अक्षरे मात्र इंटेलचा प्रोसेसर असणाऱ्यांना आजही गोंधळात टाकतात.

पान दुसऱ्याच्या जागेत असले की आणखी एक अडचण येते. डाउनलोडच्या बटणाची नक्कल करणाऱ्या जाहिरातींना कंटाळून गिंप या चित्रसंपादन प्रकल्पाने २०१३ मध्ये सोर्सफोर्ज हे मुक्तस्रोत प्रकल्पांना जागा देणारे संकेतस्थळ सोडले.

सर्वांत उपेक्षित राहिली आहे ती पडताळणी. फाइलीच्या मजकुरावरून गणिताने काढलेला ‘चेकसम’ हा लांबलचक आकडा बहुतेक पाने छापतात आणि तो जुळवून पाहण्याचे काम वाचकावर सोडतात. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंट या वितरणाच्या संकेतस्थळात घुसखोरांनी दुवा बदलून छुपे दार असलेली प्रतिमा पुढे केली होती. पान ज्याच्या ताब्यात जाते, त्याला शेजारचा आकडाही बदलता येतो. याउलट २०१७ मध्ये हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या सॉफ्टवेअरचा एक मिरर, म्हणजे फाइलींच्या प्रती ठेवणारा पूरक सर्व्हर, बाधित झाला होता आणि तिथे मुख्य स्थळावरील चेकसम उपयोगी ठरत होता. टेल्स या गोपनीयता जपणाऱ्या संगणकप्रणालीच्या पानावर फाइल निवडताच ब्राउझरच ही तुलना करतो. संकेतस्थळच फोडले गेल्यास ही सोय निरुपयोगी ठरते, तरीही वाचकाकडून आदेश टाइप करवून घेण्यापेक्षा ती कितीतरी समंजस आहे.

लिनक्सवरील एपीटीसारखी सॉफ्टवेअर बसवणारी साधने ते कोणाकडून आले हे सांगणारी डिजिटल सही आपोआप तपासतात, त्यामुळे तिथे हा भार वापरणाऱ्यावर पडत नाही. विंडोजवर अशा सहीचे प्रमाणपत्र सहसा पैसे मोजून घ्यावे लागते आणि ते न परवडणारे छोटे प्रकल्प डाउनलोडच्या बटणाखालीच लिहितात की विंडोज धोक्याचा इशारा देईल, त्याकडे दुर्लक्ष करून पुढे जावे.