रॉकेलची बाटली आणि ‘निष्क्रिय’ वायू

‘सोडियम अत्यंत क्रियाशील असल्यामुळे ते रॉकेलमध्ये ठेवतात.’ हे वाक्य आपण शिकलो, तेच शिकवतो आणि ‘शास्त्रीय कारणे द्या’खाली त्याला गुण देऊन मोकळे होतो. हे वाक्य चूक नाही. माझी तक्रार आहे ती जिथे विचार सुरू व्हावा नेमके तिथेच ते थांबते, ही.

गंगाखेड तालुक्यातील राणीसावरगावच्या एका वर्गात मी सोडियमची बाटली दाखवत होतो. एका मुलीने विचारले, “सर, हे तर रॉकेलात बुडालेलं आहे. मग त्याच्यावर ही पांढरी साय कुठून आली?” झाकण सैल असेल, असे सांगून मी वेळ मारून नेली. प्रश्न मात्र पुस्तकापेक्षा पुढचा होता. रॉकेलमध्ये थोडा ऑक्सिजन विरघळलेला असतो, पाण्याचा अंशही असतो. रॉकेल अभिक्रिया मंद करते, थांबवत नाही. लिथियमच्या बाबतीत तर पुस्तकातले कारण अपुरेच पडते. त्याची घनता 0.53, रॉकेलची सुमारे 0.8; म्हणजे लिथियम बुडतच नाही, वर तरंगते.

मग असे पदार्थ हाताळायचे कसे? प्रयोगशाळेत त्यासाठी ‘ग्लोव्ह बॉक्स’ असतो. दर्शनी बाजूला काच, तिच्यात बसवलेले रबरी हातमोजे आणि आत शुद्ध वायू. आतला वायू सतत फिरवून तांब्याच्या उत्प्रेरकावरून नेतात, तेथे ऑक्सिजन अडकतो. रेण्वीय चाळणीत पाण्याची वाफ अडकते. माहितीपर पुस्तकांतील चित्रे हातमोज्यांवरच रेंगाळतात. खरी युक्ती आहे ती बाजूच्या छोट्या दोन दारांच्या कोठीत, आणि नेमकी तीच चित्रातून गळते. वस्तू आत न्यायची तर ती आधी या कोठीत ठेवून हवा काढतात, शुद्ध वायू भरतात, पुन्हा काढतात. दर वेळी शंभरावा भाग उरतो असे धरा. हवेच्या दहा लाख भागांत ऑक्सिजनचे 2,10,000 भाग असतात. पहिल्या खेपेनंतर 2,100, दुसऱ्यानंतर 21, तिसऱ्यानंतर 0.21. नववीच्या मुलाला फळ्यावर करता येईल असे हे गणित आहे. ओलाव्याला मात्र ते लागू पडत नाही. पाणी काचेला, कागदाला चिकटून बसते. म्हणून भांडी आधी भट्टीत तापवून घ्यावी लागतात.

दुसरी तक्रार ‘निष्क्रिय’ या शब्दाबद्दल. नायट्रोजन निष्क्रिय, असे आपण सहज म्हणतो. सोडियमपुरते ते चालते. लिथियम मात्र साध्या तापमानालाही नायट्रोजनशी संयोग पावून लिथियम नायट्राइड बनवते. म्हणून लिथियमच्या पेटीत आरगॉन भरतात. वायू निष्क्रिय आहे की नाही हे त्याच्या शेजारी कोण बसले आहे यावर ठरते. (1962 साली नील बार्टलेट यांनी झेनॉनचे संयुग बनवले, तेव्हापासून तर राजवायूंच्या बाबतीतही जपूनच बोलावे लागते.)

या विषयातील उत्तम उदाहरण आपल्याच राज्यात आहे. कल्पक्कमची प्रायोगिक जलद प्रजनक अणुभट्टी 18 ऑक्टोबर 1985 रोजी प्रथम कार्यान्वित झाली. तिचे सुरुवातीचे इंधन, 70 टक्के प्लुटोनियम कार्बाइड आणि 30 टक्के युरेनियम कार्बाइड, तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात तयार झाले. कार्बाइडची भुकटी हवेत पेट घेऊ शकते, ओलाव्याने बिघडते. म्हणून पेटीत निष्क्रिय वायू हवा. एरवी अशा पेटीतला दाब बाहेरपेक्षा किंचित जास्त ठेवतात, म्हणजे फट पडली तरी वायू बाहेर जाईल, हवा आत येणार नाही. पण इथे आत प्लुटोनियम! त्याचा कण बाहेर पडता कामा नये, म्हणून दाब उलट कमी ठेवावा लागतो. मग फटीतून हवा आत शिरणार. माणसाला जपावे तर इंधन धोक्यात. उपाय एकच: पेटी शक्य तितकी हवाबंद करायची आणि शुद्ध वायू सतत वाहता ठेवायचा.

परीक्षेत सोडियम-रॉकेलऐवजी एकदा असे विचारून पाहावे: ‘लिथियम नायट्रोजनच्या पेटीत का ठेवत नाहीत?’ गाइडवाल्यांना त्याचे उत्तर छापायला निदान एक वर्ष लागेल.