डॉ. गोविंद गारे यांचे लेखन आणि आदिवासीपणाचा पुरावा

मानववंशशास्त्र आपल्या देशात आले ते राज्यकर्त्यांच्या गरजेतून, हे आता नव्याने सांगायला नको. इंग्रजी अमलात माणसांची नाके मोजली गेली, जातीजमातींचे कोश सिद्ध झाले. अलेक्झांडर रॉबर्टसन यांचे 'द महार फोक' १९३८ साली निघाले, तेव्हा ज्यांच्याविषयी ते लिहिले होते त्यांच्यापैकी किती जणांना ते वाचता आले असते? दलित लेखकांनी असल्या ग्रंथांना उत्तर दिले ते आत्मकथनाने. आमच्याविषयी लिहिलेले खोडत बसण्याऐवजी आम्ही आमचे जगणेच पुढे ठेवले. डॉ. गोविंद गारे यांनी मात्र दुसरी वाट धरली. ज्या शास्त्राने त्यांच्या माणसांना अभ्यासविषय केले, त्याच शास्त्राची लेखणी त्यांनी हाती घेतली. ही वाट अधिक अवघड होती, आणि तिची किंमत आपल्या समीक्षेने अजून नीट केलेली नाही, असे मला वाटते.

गारे १९३९ साली जुन्नर तालुक्यातील निमगिरीत, महादेव कोळी जमातीत जन्मले. ते लिहू लागण्यापूर्वी आदिवासींविषयीचा वाद दोन बड्या विद्वानांत रंगून गेला होता. ऑक्सफर्डमध्ये शिकून पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आलेले व पुढे गोंड-बैगांत राहिलेले व्हेरियर एल्विन एका बाजूला. मुंबई विद्यापीठाचे डॉ. गो. स. घुर्ये दुसऱ्या बाजूला. एल्विन यांना आदिवासींना बाहेरच्या लुटीपासून राखायचे होते. घुर्ये यांनी १९४३ च्या ग्रंथात त्यांना 'मागासलेले हिंदू' ठरवले; १९५७ साली महादेव कोळ्यांवर स्वतंत्र ग्रंथही लिहिला. दोघांचा व्यासंग मोठा होता. पण आदिवासी कोण, याचा निकाल आदिवासीला न विचारता लागत होता. येथे आपणही हात झटकू नयेत. बाबासाहेबांनी 'जातिभेदाचे उच्चाटन' या भाषणात आदिवासींना रानटी अवस्थेत राहू देणाऱ्या हिंदू समाजाला धारेवर धरले. परंतु १९४५ च्या मुंबईच्या भाषणात, आदिवासींत अद्याप राजकीय जाणीव विकसित झालेली नाही असे म्हणून त्यांना आपल्या योजनेबाहेर ठेवले. हे वाक्य आपण सहसा उद्धृत करत नाही. आदिवासी कार्यकर्ते करतात, आणि त्यांना तो हक्क आहे.

गारे पुढे पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे संचालक झाले. 'सह्याद्रीतील आदिवासी महादेव कोळी' हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध आहे. मला मात्र अधिक मोलाचा वाटतो तो त्यांचा १९७६ चा इंग्रजी ग्रंथ, पुणे शहराचा महादेव कोळ्यांवर झालेला सामाजिक-आर्थिक परिणाम तपासणारा. आदिवासी म्हणजे जंगल, नाच आणि देवदेवस्की, असे समीकरण बांधून बसलेल्या शास्त्राला त्यांनी शहराकडे पाहायला लावले. मी अंबडला औद्योगिक वसाहतीच्या कडेला शिकवतो. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरकडून आलेली माणसे येथे कंत्राटी कामावर जातात, त्यांची मुले माझ्या वर्गात बसतात. या मुलांचा आदिवासी मला घुर्ये यांच्या ग्रंथात सापडत नाही. गारे यांच्या त्या विषयात सापडतो.

याच वर्गातील एक मुलगी, महादेव कोळी, वैधता प्रमाणपत्रासाठी एका समितीपुढे गेली. तिला कुलदैवत विचारले, लग्नविधी विचारले, मयताचे विधी विचारले. तिचा जन्म भाड्याच्या खोलीतला. आजीकडून ऐकलेले वाघोबा, कळसूबाई तिने सांगितले, बाकीचे वसतिगृहात फिरणाऱ्या झेरॉक्सवरून पाठ करून गेली होती. "सर, माझ्याच जातीची परीक्षा मी गाइड वाचून दिली," असे ती हसत म्हणाली. मला हसू आले नाही.

पडताळणीच नको, असे मी म्हणणार नाही. १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने क्षेत्रबंधन उठल्यावर नामसाधर्म्याचा लाभ घेऊन किती जणांनी आदिवासींच्या जागा बळकावल्या, यावर गारे यांनीच सातत्याने लिहिले. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने महादेव कोळी असल्याच्या एका खोट्या दाव्यातच पडताळणीची पद्धत घालून दिली, आणि दैवते, विधी, चालीरीती यांची चौकशी तिचा भाग झाली. २०१७ साली त्याच न्यायालयाने खोट्या दाखल्यावर मिळवलेल्या नोकरीला संरक्षण नाकारले. चोरी खरीच होती. परंतु चोर पकडण्याचे साधन म्हणून मोनोग्राफमधले चालीरीतींचे प्रकरण उचलले गेले, आणि नाडला गेला तो शहरात वाढलेला खरा आदिवासी. विधी तर खोटा दावेदारही पाठ करू शकतो! २४ मार्च २०२३ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ठाकूर जमातीच्या एका संघटनेच्या प्रकरणात सांगितले की अशी आप्तभाव चाचणी ही निर्णायक कसोटी नव्हे. तोवर एक पिढी तिच्यातून गेली होती.

गारे यांच्यावर माझा आक्षेप येथेच आहे. त्यांनी लेखणी धरणारा हात बदलला, ग्रंथाचा साचा बदलला नाही. कुळे, दैवते, लग्न, मृत्यू हे रकाने वसाहतकाळाचेच राहिले. त्यांचा गद्यही पुष्कळदा शासकीय अहवालाच्या चालीने जातो. संचालकाच्या खुर्चीतून लिहिणाऱ्याला राग पोटात ठेवावा लागतो, हे मी समजू शकतो. पण नगरातल्या आदिवासीचा विषय हाती घेणाऱ्या अभ्यासकाने, आदिवासीपण विधींत नसेल तर कशात आहे, हा प्रश्न ठणकावून विचारायला हवा होता. २००६ साली ते गेले. त्यांच्यानंतर तरी तो प्रश्न कोणी पुरता हाती घेतला आहे?

त्या मुलीने पदव्युत्तर प्रबंधिकेसाठी अंबड वसाहतीतील कंत्राटी आदिवासी कामगार हा विषय घेतला आहे. प्रश्नावलीचा कच्चा खर्डा घेऊन परवा आली आणि विचारू लागली, कुलदैवताचा रकाना ठेवू का? मी म्हटले, ठेव, पण अगदी शेवटी. आधी हजेरी, पगार आणि खोलीभाडे विचार.