कुमारांचे वर्ष : एका श्रोत्याचा हिशेब

कुमार गंधर्वांचे जन्मशताब्दी वर्ष ८ एप्रिल २०२३ रोजी सुरू झाले. त्या दिवसापासून पुढच्या ८ एप्रिलपर्यंत दर रविवारी सकाळी केवळ कुमारांचे गाणे ऐकावयाचे, असा नेम मी केला आणि दोनचार रविवार वगळता तो पाळला. त्या श्रवणाचा हिशेब येथे मांडावयाचा आहे. मी गायक नाही. संगीताचा शास्त्रशुद्ध अभ्यासही माझा नाही. कंग्राळीत राहून, आकाशवाणीची धारवाड व सांगली ही केंद्रे आणि बेळगावातील मैफली यांवर ज्यांचा कान घडला, अशा श्रोत्यांपैकी मी एक. तेव्हा पुढे जे मत आले आहे ते एका श्रोत्याचे आहे, आणि ते वर्षभरात बदललेले आहे, एवढे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

नेमाला निमित्त झाले ते आमच्या थोरल्या बंधूंच्या ट्रंकेचे. अण्णा कुमारांचे निस्सीम भक्त, मी भीमसेनांचा. या एका विषयावर आम्हां भावांत चाळीस वर्षे वाद झाला. "अण्णा, भीमसेनांच्या गाण्याला पूर येतो. तुमच्या कुमारांकडे नुसते शिंतोडे," असे मी म्हणावे, आणि "तुला ऐकायची घाई फार," एवढेच त्यांनी म्हणावे. अण्णा गेले. वहिनींनी ट्रंक माझ्याकडे पाठवली. साठेक कॅसेटी, प्रत्येकीवर अण्णांच्या वळणदार अक्षरात राग आणि तारीख. काहींना बुरशी लागलेली, काहींची फीत चिकटलेली. जेवढ्या वाजत होत्या तेवढ्या वाजवल्या. उरलेले गाणे भाच्याने इतरत्र मिळवून दिले.

कुमारांचे चरित्र आपल्या वाचकांना ठाऊक आहे; तरी दोन गोष्टींची उजळणी आवश्यक वाटते. शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली हे त्यांचे मूळ नाव. जन्म १९२४ चा, आपल्याच जिल्ह्यातील सुळेभावीचा. मिरजेकडे जाणाऱ्या आगगाडीच्या वाटेवरचे ते गाव. लहानपणीच गाण्याने लोकांना थक्क केलेला हा मुलगा मुंबईस प्रा. बी. आर. देवधरांकडे शिकला. पुढे क्षयाने गाठले. हवापालटासाठी देवासला जाणे झाले, एक फुप्फुस निकामी झाले आणि सुमारे पाच वर्षे गाणे बंद राहिले. ते पुन्हा मैफलीत आले तेव्हा त्यांचे गाणे निराळे होते.

या निराळेपणाचा अर्थ श्वासाच्या मर्यादेने लावण्याची आपल्याकडे रीत आहे. दम पुरेना म्हणून लहान तुकडे आले, असे सांगतात. मीही तेच सांगत असे. उन्हाळ्याचे पहिले तीन महिने मी सकाळच्या रागांच्या ध्वनिमुद्रणांत घालवले, ते खरे म्हणजे हे मत पक्के करण्यासाठीच. परंतु ऐकता ऐकता अडचण उभी राहिली. दम नसलेला गायक जेथे थांबतो तेथे थकवा ऐकू येतो. स्वर खाली बसतो. कुमारांचा स्वर सुटतो तो ऐन टोकावर, पूर्ण ताकदीनिशी, आणि नंतरच्या शांततेत श्रोता त्याच स्वरावर उभा राहतो. भीमसेनांचा श्वास पुलासारखा आहे. या तीरावरून त्या तीरावर तो आपल्याला वाहून नेतो. मल्लिकार्जुन मन्सूरांच्या जयपूर गायकीत एक स्वरवाक्य दुसऱ्यात असे गुंतते की श्वास कोठे घेतला हेच कळू नये. कुमार मात्र श्वासाची जागा उघडी ठेवतात. आजाराने ही जागा त्यांना दाखवली असेल. पण तिचे काय करावयाचे, हे ठरवले त्यांच्या बुद्धीने. शिंतोड्यांची उपमा मी परत घेतो. ऐकावयास अण्णा नाहीत, हे दुःख आहेच.

पावसाळ्यात 'गीतवर्षा' ऐकले. आमच्याकडे जून-जुलैत पाऊस एकदा बसला की मार्कंडेयाकाठची शिवारे पाण्याखाली जातात, आणि खिडकीतून बाहेर पाहत ऐकण्यासारखे गाणे हेच. ऋतूला धरून बंदिशी आणि लोकगीते एकत्र गुंफण्याची ही कल्पना त्या काळी नवी होती. आजारपणात अंथरुणावर पडल्या पडल्या कुमारांच्या कानी माळव्यातील बायकांची गाणी पडत. पुढे त्यांनी ती जमवली, आणि त्यांच्या धुनांतून निघालेल्या रागांना 'धुनउगम' म्हटले. १९६५ च्या 'अनूपरागविलास' या ग्रंथात त्यांच्या बंदिशींचे हे धन एकत्र पाहावयास मिळते.

सगळेच मला मानवले असे नाही. तुकारामांचे अभंग मी हिवाळ्यात ऐकले आणि येथे माझे मन त्यांच्याशी जुळले नाही. कंग्राळीतल्या माणसाने अभंग ऐकलेला असतो तो देवळात, टाळ-मृदंगाच्या गजरात, शंभर गळ्यांतून. तेथे एकट्याचा गळा कधी बेसूर होतो आणि दहा जण त्याला सावरून घेतात. कुमारांचा तुकोबा फार एकटा आहे. शब्दांचा अर्थ ते विचाराने उलगडतात, पण त्या उलगडण्यात फडाची ऊब हरवते. 'मला उमजलेले बालगंधर्व' ऐकतानाही आदर वाटला, ओढ वाटली नाही. याउलट कबीराची निर्गुणी भजने! देवासला नाथपंथी जोग्यांकडून ऐकलेल्या ढंगावर ती उभी आहेत. तेथे एकटेपण हाच विषय असल्यामुळे तो गळा, ती उघडी शांतता, सारे जागच्या जागी बसते. माझ्या मते कुमारांचे शिखर तेथे आहे.

मार्च महिन्यात ट्रंकेच्या तळाशी एक कॅसेट सापडली. तीवर अण्णांच्या अक्षरात मराठीत लिहिले होते : 'मन्सूर, वचने'. शिवशरणांची कन्नड वचने. आमचे अण्णा १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात लाठ्या खाल्लेले. दर १ नोव्हेंबरला काळी फीत लावून सायकल फेरीत जाणारे. घरात कन्नड शब्द आला तर कपाळाला आठी पडे. ते कधी कोणास न सांगता ही कॅसेट ऐकत असले पाहिजेत. फीत ऐकून ऐकून झिजली होती. त्यांचा विरोध सक्तीला होता, भाषेला नव्हता, असे म्हणून मी हा प्रश्न निकालात काढू शकतो. ते खरेही असेल. पण मग त्यांनी ती मला का ऐकवली नाही? आणि मीही भीमसेनांच्या 'संतवाणी'वर जीव टाकताना त्यांची कन्नड दासवाणी एकदाही का लावली नाही?

शताब्दीच्या निमित्ताने कुमार आमचे की तुमचे, ही चर्चा दोन्ही बाजूंनी कानावर आली. मातृभाषा कन्नड, गुरू मराठी, कर्मभूमी माळवा, भजने हिंदी. या माणसाची वाटणी करावयाची कशी? मला त्याहून दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. आपल्यापैकी अनेकांची घराणी केव्हा तरी कोल्हापूर-साताऱ्याकडून येथे आली आणि पिढ्यान्‌पिढ्या येथे नांदली. कुमार येथून निघून परक्या मुलखात स्थायिक झाले आणि काही वर्षांतच तेथील बायकांची गाणी त्यांच्या गळ्यात उतरली. आपण कन्नडच्या शेजारी एवढा काळ राहिलो. आपल्या कानांनी काय घेतले? सीमाप्रश्नावरील आपला न्याय्य आग्रह या प्रश्नाने उणावत नाही. परंतु आग्रहापायी कान बंद ठेवले असतील, तर तो तोटा आपलाच आहे, आणि तो कोणत्याही न्यायालयात भरून निघणार नाही.

८ एप्रिल २०२४ चा सोमवार नेमाचा अखेरचा दिवस होता. त्या दिवशी कुमारांऐवजी मी अण्णांची ती कॅसेट लावली. अर्थ लागेना. शेवटी पलीकडच्या आळीतील कन्नड शिक्षकांना बोलावले. ते चहा घेत एकेक ओळ सांगत गेले, मी वहीत मराठीत उतरवून घेत गेलो. सात वचने झाली आहेत. दुसरी बाजू अजून राहिली आहे.